राजकारण्यावर लैंगिक अत्याचाराचा आरोप झाला की लोकांची बाजू कशी ठरते? त्यात स्त्री-पुरुष हा भाग किती?

अनुस्वार (धागाकर्ता)

असा आरोप झाला की दोन दिवसांत तीन वाक्यं हमखास ऐकू येतात. बायका बाईचंच खरं धरणार, पुरुष पुरुषाला सांभाळून घेणार आणि पक्षवाले आपल्या माणसाला. तिसरं वाक्य बऱ्यापैकी टिकतं. पहिली दोन आकड्यांपुढे लटपटतात.

१९९१ चं अमेरिकेतलं प्रकरण घ्या: सर्वोच्च न्यायालयासाठी नाव सुचवलेले क्लॅरेन्स थॉमस, आणि त्यांच्यावर आरोप करणाऱ्या, पूर्वी त्यांच्या हाताखाली काम केलेल्या अनिता हिल. (आरोप कामाच्या ठिकाणच्या छळाचा होता, शारीरिक अत्याचाराचा नव्हे. हा फरक धाग्यात सगळ्यांनी पाळावा.) थॉमस यांनी आरोप नाकारले. नेमणूक तपासणाऱ्या सिनेटच्या न्यायसमितीत चौदा सदस्य, चौदाही पुरुष. त्या ऑक्टोबरमधल्या जनमत चाचण्यांत थॉमस यांचं खरं मानणारे जास्त होते, आणि ते पुरुषांपुरतं मर्यादित नव्हतं. वर्षभरात तेच पारडं हिल यांच्याकडे झुकलं. मधल्या काळात पुरावा काही बदलला नव्हता. लोकांचं वर्षभर बोलून झालं होतं, एवढंच.

दुसरं उदाहरण डिसेंबर २०१७ मधलं, अमेरिकी सिनेटसाठी अलाबामात झालेल्या पोटनिवडणुकीचं. रिपब्लिकन उमेदवार रॉय मूर यांच्यावर अनेक महिलांनी आरोप केले होते, बहुतेक त्या किशोरवयीन असतानाच्या प्रसंगांबद्दल. मूर यांनी ते नाकारले. मतदानोत्तर चाचणीत गोऱ्या पुरुषांपैकी ७२ टक्के मूर यांच्या बाजूने, गोऱ्या स्त्रियांपैकी ६३ टक्के. कृष्णवर्णीय स्त्रियांपैकी ९८ टक्के डेमोक्रॅट उमेदवार डग जोन्स यांच्या बाजूने, आणि जोन्स निवडून आले. म्हणजे गोऱ्या स्त्री-पुरुषांत फरक ९ गुणांचा, आणि दोन गटांतल्या स्त्रियांमध्ये साठच्या वर. 'बायका' असा एक गठ्ठा धरून बोलणाऱ्याने आधी याचं उत्तर द्यावं.

माझा मुद्दा असा की ऐकणारा पुरुष आहे की स्त्री, याला आपण फार भाव देतो. लिंगभाव जास्त काम करतो तो इतर जागी: आरोप करणाऱ्याकडून कशी वागणूक अपेक्षित आहे, प्रश्न कोण विचारतं, राग कोणाला शोभतो. जाणकारांनी भर घालावी. अनुभवकथन आणि पक्षीय चिखलफेक दुसऱ्या धाग्यावर.

नमुनापाहणी

सहमत. अलाबामाच्या आकड्यांवर एक टीप: मूर यांना मत देणाऱ्याने आरोप खोटे मानले असतीलच असं नाही. 'खरं वाटतं का', 'राजीनामा द्यावा का' आणि 'मत देणार का' हे तीन वेगळे प्रश्न आहेत. पक्षनिष्ठा सगळ्यात जास्त तिसऱ्यावर दिसते. बातम्यांत मात्र तिन्हींना मिळून 'जनतेचा कौल' म्हणतात.

सिनेटमधलं मतदान पाहिलं तर पक्षाचं वजन किती ते उघडच दिसतं. ६ ऑक्टोबर २०१८ ला लैंगिक हल्ल्याचा आरोप झालेल्या ब्रेट कॅव्हनॉ यांची सर्वोच्च न्यायालयावरची नेमणूक ५० विरुद्ध ४८ ने झाली. तेव्हा सिनेटमध्ये २३ स्त्रिया होत्या, १७ डेमोक्रॅट आणि ६ रिपब्लिकन. सतराही विरोधात. सहापैकी पाच बाजूने, आणि लिसा मर्कोव्स्की विरोधात असूनही 'हजर' एवढंच नोंदवून थांबल्या. डेमोक्रॅट पुरुषांत जो मँचिन सोडता सगळे विरोधात. सदस्याचा पक्ष माहीत असेल तर ती स्त्री आहे की पुरुष, हे कळून अंदाजात जवळजवळ काहीच भर पडत नाही. १९९१ मध्येही तेच. थॉमस ५२ विरुद्ध ४८ ने निवडले गेले, सभागृहात दोनच स्त्रिया, त्यातल्या रिपब्लिकन कॅसेबॉम यांनी होकार दिला आणि डेमोक्रॅट मिकुल्स्की यांनी नकार.

अवांतर: थॉमस यांच्या विरोधात मत देणाऱ्या दोनच रिपब्लिकनांपैकी एक बॉब पॅकवुड. पुढच्याच वर्षी त्यांच्यावर अनेक स्त्रियांनी छळाचे आरोप केले आणि १९९५ मध्ये त्यांना जावं लागलं. सभागृहातल्या मतावरून माणसाची पारख करणाऱ्यांसाठी.

गवतफुला

म्हणजे ऐकणाऱ्यांत स्त्री-पुरुष फरक नाहीच म्हणता? बलात्काराविषयीच्या गैरसमजांवर (कपडे, एकटी का गेली, ओरडली का नाही) इतकं संशोधन झालंय, त्यात पुरुष सातत्याने वर दिसतात. २०१० च्या एका एकत्रित विश्लेषणात ३७ अभ्यास होते, आणि निष्कर्ष हाच होता.

नमुनापाहणी

@गवतफुला, फरक आहे. पण तो सरासरीतला आहे, आणि दोन्ही गटांचे आलेख एकमेकांवर भरपूर चढलेले असतात. स्त्रीद्वेषी धारणा मोजणारी एक प्रश्नावली ग्लिक आणि फिस्क यांनी १९९६ मध्ये बनवली. तिच्यात २२ विधानं आहेत: ११ उघड वैराची ('स्त्रिया पुरुषांवर ताबा मिळवायला बघतात' या धर्तीची) आणि ११ वरून गोड वाटणारी ('स्त्रीला जपलं पाहिजे' या धर्तीची). उत्तर देणाऱ्याचा वैराचा गुणांक हाती आला की आरोपांवर त्याची प्रतिक्रिया काय असेल, हे निव्वळ 'पुरुष' किंवा 'स्त्री' या रकान्यापेक्षा चांगलं ओळखता येतं. असा वरचा गुणांक असलेल्या स्त्रियाही असतात, आणि त्या आरोप करणारीवर सहज विश्वास ठेवत नाहीत.

गोड अर्ध्याकडे लोक दुर्लक्ष करतात, आणि तिथेच खरी गंमत आहे. 'जपलं पाहिजे' म्हणणाऱ्याचं जपणं अटींवर चालतं. आरोप करणारी साध्वी, घरंदाज, अनोळखी माणसाच्या तावडीत सापडलेली असेल तर हा माणूस सगळ्यात आधी पेटून उठतो. ती पक्षाची कार्यकर्ती असेल, रात्री बैठकीला गेली असेल, महत्त्वाकांक्षी असेल, तर तोच दोष तिच्यावर टाकतो. राजकारणातली आरोपकर्ती जवळजवळ नेहमी दुसऱ्या प्रकारात मोडते, कारण महत्त्वाकांक्षा नसेल तर ती त्या दालनात असण्याचं कारणच नसतं.

पूर्णविराम

अनुस्वार यांनी 'राग कोणाला शोभतो' म्हटलंय, त्यावर कॅव्हनॉ यांच्या नेमणुकीआधीची, २७ सप्टेंबर २०१८ ची सुनावणी नीट बघावी. क्रिस्टीन ब्लेझी फोर्ड यांचा कॅव्हनॉ यांच्यावरचा आरोप लैंगिक हल्ल्याचा. त्या घाबरल्याचं सांगत होत्या, आवाज कापत होता, तरी नम्रपणे आणि सहकार्याच्या सुरात बोलत होत्या, आठवत नाही ते आठवत नाही म्हणत होत्या. दुपारी कॅव्हनॉ आले ते चढ्या आवाजात. रडले, समितीवर बरसले, सदस्यांना उलट प्रश्न विचारले. आरोप साफ नाकारला. आता उलटं करून पाहा: फोर्ड ओरडल्या असत्या आणि उलट प्रश्न विचारू लागल्या असत्या तर साक्ष त्या मिनिटाला संपली असती.

साक्ष देणाऱ्या स्त्रीच्या भावनांवर प्रयोग बरेच झालेत. एकच मजकूर, एकच अभिनेत्री, फक्त हावभाव वेगळे. व्यथित दिसणारी जास्त विश्वासार्ह ठरते, निर्विकार दिसणारी कमी, जरी निर्विकारपणा हा आघाताचा नेहमीचा परिणाम असला तरी. परिणाम अफाट मोठा नाही, पण आहे. त्यात राजकीय मंचावर दुसरी अट येऊन बसते: फार रडली तर 'नाटक'. म्हणजे तिला मिळणारी जागा अरुंद पट्ट्याएवढी. पुरुष आरोपीच्या संतापाचा अर्थ मात्र बऱ्याच लोकांनी 'निर्दोष माणूस असाच चिडेल' असा लावला.

आता मांडणी. समितीतले अकराही रिपब्लिकन पुरुष होते. १९९१ ची चित्रं पुन्हा छापून येऊ नयेत म्हणून त्यांनी फोर्ड यांना प्रश्न विचारायला ॲरिझोनाच्या सरकारी वकील रेचल मिचेल यांना आणलं. पण वेळ पाच-पाच मिनिटांच्या तुकड्यांत वाटलेली, मध्ये दर वेळी एक डेमोक्रॅट सदस्य. अशा तुकड्यांत उलटतपासणी होतच नाही, धागा जुळतो तोच घंटा वाजते. कॅव्हनॉ यांच्या वेळी थोड्याच फेऱ्यांनंतर मिचेल बाजूला पडल्या आणि सदस्य स्वतः बोलू लागले. स्त्रीला स्त्रीकडून विचारायचं, पुरुषाचा बचाव पुरुषांनी करायचा. चित्र सांभाळलं गेलं, चौकशी राहिली.

कोरापान

सगळा धागा 'पुरुष आरोपी, स्त्री तक्रारदार' याच जोडीवर चाललाय. उलट जोडीचं काय?

दुर्बीण

@कोरापान, उलट जोडीत लोकांना आधी प्रसंग 'बसतच' नाही, आणि कायद्यांचाही त्यात वाटा आहे. अमेरिकेत एफबीआयच्या आकडेवारीसाठी १९२७ पासून वापरात असलेली बलात्काराची व्याख्या फक्त स्त्री-पीडितेची होती. ती बदलल्याची घोषणा २०१२ मध्ये झाली. इंग्लंडमध्ये पुरुषावरचा बलात्कार कायद्यात आला १९९४ ला, आणि २००३ च्या कायद्यानेही मुख्य गुन्हेगार पुरुषच असू शकतो. स्त्रीने केलेल्या कृत्याला दुसरी कलमं लागतात. भारतात, भारतीय न्याय संहितेच्या बलात्काराच्या कलम ६३ मध्ये आरोपी पुरुष, पीडित स्त्री. जुन्या दंड संहितेतलं ३७७ (अनैसर्गिक संभोगाचं कलम) गेल्यामुळे प्रौढ पुरुष-पीडितासाठी त्या तोडीचं कलम उरलेलं नाही. कामाच्या ठिकाणच्या छळाचा २०१३ चा कायदाही फक्त स्त्रीची तक्रार घेतो.

प्रतिक्रियेतला फरक असा: स्त्रीवर अविश्वास दाखवला जातो, पुरुषाची थट्टा होते. स्त्रीला विचारतात 'खरं कशावरून', पुरुषाला विचारतात 'मग तक्रार कसली'. थट्टा करणारा आरोप खरा मानूनच हसत असतो, म्हणून पुरावा आणून काही फरक पडत नाही. हा पेच जास्त अवघड.

आरोपी स्त्री पुढारी असेल तर दोन विरुद्ध ओढी लागतात. एकीकडे 'बाई असं काय करणार' म्हणून आरोप हलका होतो. दुसरीकडे स्त्री उमेदवार जास्त स्वच्छ असते ही समजूत असते, तिला तडा गेला की शिक्षा जादा. कोणती ओढ जिंकते हे प्रसंगावर. अशी प्रकरणं इतकी थोडी आहेत की खऱ्या निवडणुकांवरून नियम काढू नये.

अनुस्वार

थोडी भर. तिसऱ्याच स्त्रीला शिक्षा होते, हेही पाहण्यासारखं आहे. लैंगिक गैरवर्तनाचे आरोप झालेले डेमोक्रॅट सिनेटर अल फ्रँकन यांनी डिसेंबर २०१७ मध्ये सिनेट सोडण्याची घोषणा केली. आदल्या दिवशी त्यांच्याच पक्षाच्या तीसहून अधिक सदस्यांनी राजीनामा मागितला होता, त्यात पुरुष भरपूर. सुरुवात सिनेटर कर्स्टन जिलिब्रँड यांनी केली. पुढे अध्यक्षपदासाठी त्या उभ्या राहिल्या तेव्हाही 'फ्रँकनला घालवलं' हे त्यांच्याच नावावर होतं. बाकीचे पुरुष सदस्य कोणाला आठवतायत? राजीनामा मागणारा पुरुष तत्त्वनिष्ठ, मागणारी स्त्री संधिसाधू.

पूर्णविराम

+१. याच्या जोडीला पक्षांची ठरलेली चाल: आरोप पुरुषावर, पत्रकार परिषदेला महिला आघाडीची पदाधिकारी पुढे, शेजारी पत्नी. स्त्रीने केलेल्या बचावाला वजन जास्त असतं, कारण तिचा स्वार्थ नाही असं ऐकणारा धरून चालतो. पदाधिकारी असेल तर स्वार्थ उघड आहे, पण त्या क्षणी ती 'एक स्त्री' म्हणून बोलत असते.

तळमजला

पण इतक्या वर्षांनी केलेल्या तक्रारीवर शंका घेणं हे लिंगभेदी कसं? निवडणुकीच्या तोंडावर आरोप आला तर कोणीही विचारेल.

दुर्बीण

@तळमजला, विचारावं. पण उशीर नेमका कशाने होतो ते आधी बघावं. राजकीय पक्षात तक्रार द्यायची कुठे? केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटलं की पक्ष आणि कार्यकर्ता यांच्यात मालक-नोकर नातं नसल्याने छळाच्या तक्रारींसाठीची अंतर्गत समिती नेमण्याचं बंधन पक्षांवर नाही. जिथे समिती आहे तिथे मुदत तीन महिन्यांची, सबळ कारण असेल तर आणखी तीन. म्हणजे दार एक तर नाही, किंवा फार लवकर बंद होतं. मग आरोप येतो तो माध्यमांत, आणि तोही आरोपीला मोठं पद मिळतं तेव्हा. ही वेळ तक्रारदार निवडते असं दिसतं, पण प्रत्यक्षात पत्रकारांना त्या माणसात रस तेव्हाच निर्माण झालेला असतो.

माजी संपादक, तेव्हाचे केंद्रीय मंत्री एम. जे. अकबर आणि त्यांच्यावर आरोप करणाऱ्या पत्रकार प्रिया रमाणी यांच्या प्रकरणाचा क्रम बघा. आरोप १९९३ च्या प्रसंगाबद्दल, नाव जाहीर केलं ऑक्टोबर २०१८ मध्ये. अकबर यांनी आरोप नाकारला, १५ ऑक्टोबरला फौजदारी बदनामीचा खटला भरला आणि १७ ऑक्टोबरला मंत्रिपद सोडलं. म्हणजे आरोप करणारी आरोपीच्या पिंजऱ्यात. १७ फेब्रुवारी २०२१ ला दिल्लीच्या न्यायालयाने रमाणी यांना निर्दोष सोडलं, आणि स्त्रीला तक्रार कित्येक दशकांनंतर, तिला योग्य वाटेल त्या व्यासपीठावर मांडता येते असं म्हटलं.

उशिरावर शंका घेण्यात लिंगभेद केव्हा येतो? आर्थिक घोटाळ्याचा आरोप दहा वर्षांनी, निवडणुकीआधी आठवडाभर आला तर लोक कागद मागतात. सांगणाऱ्याचं चारित्र्य काढत नाहीत.

तळमजला

बरं. पण खोटे आरोपही असतात. दोन ते दहा टक्के हा आकडा सगळे फेकतात.

नमुनापाहणी

फेकतात, आणि दोन्ही बाजूंनी चुकीचा. त्यातला एक नेहमीचा अभ्यास २०१० चा: अमेरिकेतल्या एका विद्यापीठात दहा वर्षांत आलेली १३६ प्रकरणं. तपासाअंती खोटी ठरलेली ८, म्हणजे ५.९ टक्के. पण याचा अर्थ उरलेली ९४ टक्के खरी सिद्ध झाली असा नाही. जवळपास ४५ टक्के पुढे गेलीच नाहीत, कुठे पुरावा अपुरा, कुठे तक्रारदाराने माघार घेतली. ती 'खोटी'त धरायची नाहीत आणि 'सिद्ध'मध्येही नाहीत. दुसरी गोष्ट, पुढाऱ्यांवरचे जाहीर आरोप हा या प्रकरणांचा नमुना नव्हे. तिथे राजकीय हेतूची शक्यता जास्त आणि तक्रारदाराला मोजावी लागणारी किंमतही जास्त. दोन्हींची वजाबाकी कोणी केलेली नाही. एखाद्या विशिष्ट आरोपाचा निकाल टक्केवारीने लावायचा नसतो.

कोरापान

मग लिंगाचा परिणाम वेगळा काढून मोजायचा कसा? खऱ्या प्रकरणांत तर पक्ष, पुरावा, चेहरा सगळं मिसळलेलं.

नमुनापाहणी

बनावट बातमी वापरून. एकच मजकूर, साधारण १५० ते २०० शब्दांचा, आणि त्यात फक्त तीन गोष्टी बदलायच्या: आरोपीचं लिंग, तक्रारदाराचं लिंग, आरोपीचा पक्ष. दोन पर्याय प्रत्येकी, म्हणजे आठ आवृत्त्या. कोणाला कोणती आवृत्ती ते यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारखं. कृत्याचं वर्णन आठही ठिकाणी अक्षरशः तेच ठेवावं, नाहीतर पुरुष-तक्रारदाराच्या आवृत्तीत लिहिणाराच नकळत सौम्य शब्द वापरतो.

कुठे बिघडतं ते सांगतो. नाव बदललं की लिंगाबरोबर वय, धर्म, वर्गही बदलतो. म्हणून एका लिंगाची निदान चार-पाच नावं फिरवत ठेवावीत. स्त्रीद्वेषाची प्रश्नावली बातमीनंतर दिली तर बातमीचाच परिणाम तिच्यात उतरतो, आणि लगेच आधी दिली तर लोक सावध होतात. उपाय: आठवडाभर आधी, वेगळ्या पाहणीत विचारावी. 'बातमीतला आरोपी कोण होता' हे तपासून, चुकलेल्यांना वगळण्याचा मोह होतो. वगळू नये. कोणत्या आवृत्तीत लोक जास्त चुकतात हेच लिंगावर अवलंबून असू शकतं (स्त्री-आरोपी वाचून 'पुरुष' आठवणारे निघू शकतात), आणि वगळलं की यादृच्छिकपणाच मोडतो.

सगळ्यात मोठी खोट नमुन्याच्या आकाराची. दोन गटांत ०.२ प्रमाण विचलनाचा (म्हणजे लहानसा) फरक ८० टक्के खात्रीने पकडायला प्रत्येकी साधारण ३९० ते ४०० माणसं लागतात, एकूण ८००. आता प्रश्न असा असेल की 'हा फरक पुरुषांत आणि स्त्रियांत वेगवेगळा आहे का', आणि तो वेगळेपणा मूळ फरकाच्या निम्मा असेल, तर सोळापट माणसं लागतात. जवळपास १३ हजार. हजार माणसांवर केलेल्या पाहणीतून 'स्त्रिया अशा वागतात, पुरुष तसे' असे मथळे निघतात ते बहुतांशी याच कारणाने पुढच्या पाहणीत गायब होतात.

गवतफुला

आणि लोक तोंडावर खरं सांगतात हे धरून चाललाय. 'तिच्यावर विश्वास नाही' म्हणायला आता लाज वाटते.

नमुनापाहणी

त्याला यादी-पद्धत. एका गटाला चार विधानं, दुसऱ्याला तीच चार अधिक एक नाजूक. 'किती पटतात तेवढंच सांगा, कोणती ते नको.' दोन सरासऱ्यांतला फरक म्हणजे नाजूक विधान पटणाऱ्यांचं प्रमाण. चारांत एक जवळपास सगळ्यांना पटणारं आणि एक कोणालाच न पटणारं ठेवावं, नाहीतर 'पाचही' म्हणणारा उघडा पडतो. तोटा: गोंगाट (आकड्यांतला योगायोगाचा चढउतार) फार, थेट प्रश्नापेक्षा कितीतरी मोठा नमुना लागतो.

पूर्णविराम

बातमीच्या वाक्यरचनेवर कोणी लिहिलं नाही. 'आमदाराने कार्यकर्तीवर हात टाकल्याचा आरोप' आणि 'कार्यकर्तीवर हात टाकला गेल्याचा आरोप', दुसऱ्यात करणारा गायब. १९९५ मध्ये अमेरिकेत यावर प्रयोग झाला. करणाऱ्याला मागे टाकणाऱ्या (इंग्रजी 'पॅसिव्ह') रचनेतल्या बातम्या वाचून पुरुष वाचकांनी पीडितेला झालेली इजा आणि करणाऱ्याची जबाबदारी दोन्ही कमी लेखली. म्हणजे बनावट बातमी लिहितानाही आठही आवृत्त्यांत करणारा स्पष्ट दिसेल अशीच रचना ठेवा.

तळमजला

शेवटचा प्रश्न. वाहिनीवर पाहणी दाखवतात, 'अमुक पक्षाच्या महिला मतदारही नाराज'. सामान्य माणसाने काय तपासावं?

नमुनापाहणी

उपगटात माणसं किती ते. एकूण १,००० असतील तर स्त्रिया ५०० च्या आसपास, त्रुटी अधिक-उणे ४.४ गुण. त्यातल्या एका पक्षाच्या स्त्रिया समजा १७०, त्रुटी ७.५. त्याच पक्षाच्या १७० पुरुषांशी तुलना करायची तर फरकाची त्रुटी साडेदहाच्या वर जाते. म्हणजे '५२ टक्के महिला आणि ४४ टक्के पुरुष नाराज' या मथळ्यातून काहीच सिद्ध होत नाही. शिवाय प्रश्न 'आरोप खरा वाटतो का' होता, 'राजीनामा द्यावा का' की 'मत देणार का', ते पडद्यावर खाली बारीक अक्षरांत असतं. तिथे थांबवून वाचा. नसेलच, तर ती पाहणी सोडून द्या.